नववा ज्यूरर

आपल्यापैकी बहुतेकांची ज्यूरीशी ओळख न्यायालयात झालेली नाही. ती पडद्यावर झाली आहे. सिडने ल्यूमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) किंवा त्यावरून बासू चटर्जींनी केलेला 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) यांपैकी एकही पाहिलेला नाही असा साहित्याचा विद्यार्थी विरळाच. बंद खोली, बारा माणसे, अकरांचे मत एक आणि बाराव्याचे दुसरे. आणि त्या बाराव्याचे समाधान झाल्यावाचून, किंवा त्याने इतरांना आपल्या बाजूला वळवल्यावाचून, कोणालाच घरी जाता येत नाही. हिंदी चित्रपट आला तेव्हा आपल्याकडून ज्यूरी जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता, ही त्यातली विसंगती अनेकदा सांगितली जाते. मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ज्यूरी होती तेव्हाही ती तशी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरर बारा नसत, नऊ असत. आणि त्या नवांचे एकमत झालेच पाहिजे अशी अट नव्हती. सहांचे जुळले आणि न्यायाधीशाला ते पटले की निकाल लागे. उरलेल्या तिघांचे म्हणणे ऐकून घेतले तर उत्तम; न घेतले तरी कामकाज अडत नसे.

इंग्लंडमध्ये मात्र १९६७ साली कायदा बदलेपर्यंत बाराही जणांचे एकमत आवश्यक होते. म्हणजे इंग्रजांनी ही संस्था इकडे आणली ती तिच्या गाभ्यातली अट मागे ठेवून. अट गैरसोयीची होती हे उघड आहे. एका हट्टी माणसामुळे सारा खटला वाया जाऊ शकतो. परंतु त्या गैरसोयीतच तिचा उपयोग होता, असे माझे म्हणणे आहे. ज्याच्या संमतीशिवाय आपले काम होणार नाही त्याच्याशी बोलावे लागते. ज्याच्याशिवाय ते होऊ शकते त्याची फक्त गणती होते. एकमत आणि बहुमत हे दोन शब्द आपण एकाच मोजपट्टीवरची कमीअधिक मापे असल्यासारखे वापरतो. वस्तुतः त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

याचे सर्वात ठळक उदाहरण मराठी वाचकाला परिचित आहे, पण या अंगाने ते क्वचितच वाचले जाते. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही पद्यरचना आणि शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरात टिळकांवर मुंबईत न्या. स्ट्रेची यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. सहाही युरोपियनांनी दोषी म्हटले, तिन्ही हिंदी ज्यूररांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आता कायद्याला लागणारी किमान संख्या सहा, आणि खोलीतले युरोपियनही सहा. त्यांतला एकही इकडे आला असता तर निकालच लागला नसता. ती ज्यूरी बरखास्त करावी लागली असती. पण त्या एकाला इकडे आणण्याची संधी तिघांना मिळण्याचे काही कारणच नव्हते, कारण पहिल्याच हातवरीत काम संपण्याची सोय होती. याच काळात युरोपियन आरोपीला मात्र, इल्बर्ट बिलावरील १८८४ च्या तडजोडीनुसार, निदान निम्मे ज्यूरर युरोपियन किंवा अमेरिकन असावेत अशी मागणी करता येत असे. आपल्या लोकांनी आपल्याला पारखावे हा हक्क कोणाला किती, याचा हिशेब राज्यकर्त्यांनी नीट मांडलेला होता.

त्या खटल्यात ज्यूरीपुढे खरोखर कोणता प्रश्न होता? मजकूर छापला कोणी, कधी, कोठे, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो अर्थाचा. अफजलखानाच्या वधाची चर्चा ही इतिहासाची चर्चा आहे की वर्तमानाला दिलेला इशारा? शिवाजी महाराज बोलत आहेत अशी कल्पना करून लिहिलेल्या पद्यातला आवाज कोणाचा धरायचा, पात्राचा की कवीचा की संपादकाचा? न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की कायद्यातील 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. हे शब्दार्थाचे काम झाले. तेही अशा सोप्या रीतीने की उपसर्ग सोडवला म्हणजे शब्द उलगडला असे मानावे. निवेदक आणि लेखक यांतील भेद, ऐतिहासिक आशयाचे समकालीन सूचन, एका शब्दाच्या छटा हे सगळे आपण एम.ए.च्या वर्गात शिकवतो. मुंबईतल्या नऊ नागरिकांनी ते एका माणसाच्या अठरा महिन्यांच्या तुरुंगवासासाठी ठरवले.

१९०८ मध्ये हे अधिकच तीव्रपणे घडले. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर 'केसरी'त आलेल्या 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) या अग्रलेखांवरून टिळकांवर पुन्हा खटला भरण्यात आला. न्यायाधीश होते दिनशा दावर, १८९७ मध्ये जामिनासाठी टिळकांच्याच बाजूने उभे राहिलेले वकील. सरकारपक्षाने विशेष ज्यूरी मागितली. ती मिळाली म्हणजे तीत युरोपियनांचा भरणा होणार आणि मूळ मराठी लेख वाचू न शकणारी माणसे त्या लेखांचा न्याय करणार, हा टिळकांच्या बाजूचा आक्षेप होता. तो टिकला नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्यूरी बसली. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला आणि एकवीस तासांहून अधिक काळ ते ज्यूरीपुढे बोलले. त्यातला मोठा भाग भाषांतराविषयी होता. सरकारी भाषांतरात कोणत्या मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द योजला आहे, त्यामुळे वाक्याचा रोख कसा बदलतो, हे ते एकेक शब्द घेऊन समजावत होते. भाषांतरमीमांसेचा एवढा दीर्घ आणि एवढा महागडा पाठ मराठीच्या इतिहासात दुसरा नसावा. २२ जुलैच्या रात्री ज्यूरी विचारासाठी आत गेली आणि सुमारे सव्वा तासाने बाहेर आली. सात विरुद्ध दोन. दावरांनी बहुमत स्वीकारले. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड, पुढे मंडाले.

त्या सव्वा तासात काय बोलणे झाले असेल? सात जण पुरेसे होते. त्या दोघांपैकी कोणी एखाद्या शब्दाविषयी हटकले का, 'हा अर्थ मला पटत नाही' असे म्हटले का, म्हटले असल्यास त्यावर उत्तर काय मिळाले, याची नोंद कोठेही नाही. नोंद करण्याची रीतच नव्हती. ज्यूरी आकडा सांगते, कारणे सांगत नाही. खटल्याचे समग्र वृत्तान्त छापले गेले. वकिलांचे युक्तिवाद, न्यायाधीशांचे भाष्य, आरोपीचे भाषण सारे उपलब्ध आहे. शिक्षेपूर्वी टिळकांनी उच्चारलेले शब्द आज त्याच न्यायालयाच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेले आहेत. ज्यांनी त्यांचे म्हणणे मानले त्या दोघांचे शब्द मात्र कोठेच नाहीत.

अर्धशतकानंतरची गोष्ट अशीच, पण उलट्या टोकाची आहे. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोषतेचा निकाल दिला. येथेही गोळ्या कोणाच्या पिस्तुलातून सुटल्या याविषयी प्रश्न नव्हता. प्रश्न होता मनात काय होते याचा, म्हणजे पुन्हा अर्थ लावण्याचा. सत्र न्यायाधीशांना तो निकाल अमान्य झाला, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. (या खटल्यामुळे भारतातली ज्यूरी संपली, हे सर्वतोमुखी असलेले विधान जरा जपून करावे. विधी आयोगाने १९५८ मध्येच ती रद्द करण्याची शिफारस केली होती, आणि काही ठिकाणी ती नानावटीनंतरही चालू राहिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही.)

या प्रकरणावर चित्रपट झाले, पुस्तके झाली. नौदल अधिकारी, त्याची पत्नी, तिचा प्रियकर, 'ब्लिट्झ' आणि करंजिया यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला कुतूहल आहे ते त्या नवव्या ज्यूररचे. आठ जण एका बाजूला, बाहेर वर्तमानपत्रांनी तापवलेले शहर, आणि हा एक माणूस 'दोषी' म्हणतो. दोन वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निष्कर्ष काढला तो त्याने त्या खोलीत आधीच काढलेला होता. तो कशाच्या आधारावर? त्याने पुरावा इतरांहून नीट ऐकला होता की तो केवळ कर्मठ होता? इतरांना समजावण्याचा त्याने प्रयत्न केला की पहिल्या गणतीनंतर गप्प बसला? आठ जण झाले म्हणजे नवव्याची गरज नसते. आपल्याला त्याच्याविषयी एवढेच ठाऊक आहे की तो 'एक' होता.

याच प्रकरणातला दुसरा तपशील शेजारी ठेवून पाहावा. उच्च न्यायालयात हे प्रकरण दोन न्यायमूर्तींपुढे आले, शेलत आणि नाईक. दोघेही दोषसिद्धीपर्यंत पोहोचले, पण वाटा एक नव्हत्या. ज्यूरीला कायदा चुकीच्या रीतीने समजावला गेला असा शेलत यांचा निष्कर्ष होता आणि म्हणून त्यांनी सारा पुरावा पुन्हा तपासला. कोणत्याही समंजस माणसांनी असा निकाल दिला नसता, या आधारावर उभे राहणे नाईक यांनी पसंत केले. सहमत असलेल्या दोन माणसांमधला हा फरकही आपल्याला वाचता येतो, कारण न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात. ज्यूरीतल्या असहमताचे कारणसुद्धा आपल्याला कळत नाही.

एकमताची भलावण करताना तिची काळी बाजू झाकून चालणार नाही. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाच्या खटल्यात बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने आरोपींना तासाभरात एकमताने सोडून दिले. आरोपींनी पुढे एका नियतकालिकाकडे खुनाची कबुली दिली. तेथे एकमत झाले, कारण मतभेद होईल असे कोणी खोलीत येऊच दिले नव्हते. एकमताची अट भिन्न माणसे आत आल्यानंतरच काम करू लागते, आणि हे ज्यांना कळले होते त्यांनी ती अटच काढली. लुईझियाना राज्याने १८९८ च्या घटनापरिषदेत बारांपैकी नवांच्या मताने दोषी ठरवण्याची सोय केली. ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना सरसकट वगळणे आता कायद्याने कठीण होते. तेव्हा त्यांतला एखादा-दुसरा आत आलाच तर त्याचे मत निरुपयोगी ठरावे, हा हेतू. साल पाहावे. मुंबईतल्या सहा-तीन निकालानंतर अवघ्या वर्षभराने. दोन्हींमध्ये काही धागा आहे असे मला सुचवायचे नाही. पण युक्ती एकच आहे: माणसाला खुर्ची द्यायची आणि त्याच्या बोलण्याची गरज काढून घ्यायची. लुईझियानाच्या मतदारांनी ती तरतूद २०१८ मध्ये बदलली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, रामोस विरुद्ध लुईझियाना या खटल्यात, गंभीर गुन्ह्यात एकमताशिवाय दोषी ठरवता येणार नाही असे सांगितले.

हे सारे आपल्या कामाशी कसे जोडले जाते? आपल्यापैकी कित्येक जण केव्हा ना केव्हा ज्यूरीवर बसतात. फक्त आपण तिला परीक्षक मंडळ किंवा निवड समिती म्हणतो. कथास्पर्धा, एकांकिका, ग्रंथपुरस्कार, दिवाळी अंकांच्या निवडी. न्यायालयातून ज्यूरी गेली. मराठी साहित्यव्यवहारात ती सुखेनैव नांदते आहे, आणि तिने एकमताची अडचण न्यायालयापेक्षाही चतुरपणे सोडवली आहे. तिने मतमोजणीसुद्धा ठेवली नाही. तिने बेरीज आणली.

गुणतक्त्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. तीन परीक्षक, शंभरपैकी गुण, एकूण ज्याची जास्त तो पहिला. परीक्षकांनी एकमेकांना भेटण्याचीही आवश्यकता नाही. समजा तिघांच्या तीन वेगळ्या आवडत्या कथा आहेत. प्रत्येकाने आपल्या आवडतीला ९० दिले आणि इतर दोघांच्या आवडत्यांना ५०-५०. एक चौथी कथा आहे; नीटनेटकी, निरुपद्रवी, कोणाच्याच झोपेत न येणारी. तिला तिघांनीही ६५ दिले. तिन्ही आवडत्या कथांची बेरीज १९० होते आणि चौथीची १९५. पारितोषिक चौथीला. तिघांपैकी एकानेही तिला पहिली म्हटलेले नाही, आणि तरीही ती तिघांचा निर्णय म्हणून जाहीर होते. मराठी पारितोषिकप्राप्त कथांमध्ये एक विशिष्ट गुळगुळीतपणा का असतो याची कारणमीमांसा करताना आपण लेखकांना आणि अभिरुचीला दोष देतो. थोडा दोष या बेरजेकडेही जावा.

बेरजेच्या बाजूने सर्वात भक्कम युक्तिवाद फ्रेंच विचारवंत काँदोर्से याने १७८५ मध्ये मांडला. प्रत्येक ज्यूररचे मत बरोबर असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असेल तर ज्यूररांची संख्या वाढेल तसा बहुमत बरोबर असण्याचा संभव वाढत जातो. पण यात दोन गृहीतके आहेत. मते परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत, आणि ज्याला बरोबर म्हणायचे असे काही आधीपासून अस्तित्वात असले पाहिजे. १८९७ च्या त्या सहांची मते स्वतंत्र नव्हती. ती एकाच क्लबात, एकाच वृत्तपत्रावर आणि रँडच्या खुनानंतरच्या एकाच भयावर पोसलेली होती. आणि साहित्याच्या बाबतीत दुसरे गृहीतकच टिकत नाही. रा. भा. पाटणकरांमुळे मराठी विद्यार्थ्याला परिचित झालेला कांटचा विचार येथे आठवावा. सौंदर्यविधान करणारा सर्वांच्या संमतीवर दावा सांगतो, परंतु ती संमती सिद्ध करून घेण्यासाठी त्याच्या हाती कोणताही नियम नसतो. 'ही कथा मला आवडते' असे म्हणून तो थांबत नाही. 'तुम्हांलाही ती चांगली वाटायला हवी' असे त्याला म्हणायचे असते. हा दावा ९० या आकड्यात मावत नाही. तो बोलूनच करावा लागतो.

काही वर्षांपूर्वी मी एका कथास्पर्धेचा परीक्षक होतो. अंतिम फेरीत एक कथा जवळजवळ पूर्णपणे वऱ्हाडीत होती, निवेदनासह. माझे ज्येष्ठ सहपरीक्षक, ज्यांच्या वाचनाबद्दल मला आदर आहे, म्हणाले की संवाद बोलीत ठीक आहेत, निवेदन प्रमाण भाषेतच हवे; ही शिस्त नाही. आम्ही गुणतक्ते बाजूला ठेवले आणि कथेची तीन पाने मोठ्याने वाचली. दोन तास गेले. एकमत झाले नाही. पण सरांचा आक्षेप बदलला. भाषेचा मुद्दा त्यांनी सोडून दिला आणि म्हणाले, "शेवट बघा. इथं बाई एकदम शहाणं बोलायला लागते. हे तिचं बोलणं नाही, लेखकाचं आहे." हा आक्षेप खरा होता, कथेच्या आतला होता. मी कथेला पहिलीच म्हटले, त्यांनी दुसरी. तिसऱ्या परीक्षक त्यांच्या बाजूने गेल्या आणि कथा दुसरी आली. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. मी एवढेच विचारले की निकालपत्रासोबत आमचा मतभेद अर्ध्या पानात नोंदवता येईल का, शेवटाविषयीच्या त्यांच्या आक्षेपासह. संयोजकांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की नमुन्यात तशी जागा नाही. त्या लेखकापर्यंत पोहोचले ते 'द्वितीय' एवढेच. तिच्या कथेवर दोन तास झालेले, तिला पुढच्या कथेसाठी उपयोगी पडले असते असे बोलणे तीन माणसांच्या स्मरणात राहिले. आणि स्मरणात राहिलेल्या बोलण्याचे जे होते तेच त्याचे होणार.

मोठ्या पुरस्कारांनाही ही कोंडी चुकलेली नाही. २०१२ मध्ये तीन परीक्षकांनी पुलित्झर पारितोषिकासाठी तीन कादंबऱ्या पुढे केल्या. निर्णय घेणाऱ्या मंडळात कोणत्याही एकीला बहुमत मिळाले नाही आणि त्या वर्षी कथात्म साहित्याचे पारितोषिकच दिले गेले नाही. २०१९ मध्ये बुकरच्या पाच परीक्षकांनी, पारितोषिक विभागता येणार नाही हा नियम ठाऊक असताना तो मोडला आणि मार्गारेट अ‍ॅटवुड व बर्नर्डीन एव्हरिस्टो यांना ते विभागून दिले. त्यावर टीका झाली आणि तीत तथ्य होते. बुकर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि तिलाच अर्धे. विभागणी म्हणजे सहमती नव्हे, ती सहमतीची टाळाटाळ आहे, असे मलाही वाटते. तरी गुणतक्त्यापेक्षा ती प्रामाणिक आहे. आमचे जुळले नाही, हे तीत उघड दिसते.

एकमताची सक्ती साहित्यिक पुरस्कारांना लावावी असे मी म्हणणार नाही. तेथे ती लावली तर सर्वांना चालेल असेच पुस्तक निवडले जाईल, म्हणजे पुन्हा ती ६५ गुणांची कथा. निकाल बहुमताने लागू द्यावा. परंतु अल्पमतातल्या परीक्षकाने आपले कारण लिहून द्यावे, आणि ते निकालाबरोबर त्याच्या नावानिशी छापले जावे. न्यायमूर्तींचे भिन्नमत छापले जातेच. त्याने निकालाचा अधिकार कमी होत नाही. यावर संयोजकांचे उत्तर मला माहीत आहे: वाद होतील, पुढच्या वर्षी परीक्षक मिळणार नाहीत. काही मिळणार नाहीत हे खरे आहे. पुस्तक न वाचता गुण देणारे परीक्षक कारण लिहिण्याच्या अटीवर येणार नाहीत. राहिला विजेत्याचा प्रश्न. आपल्याला पारितोषिक दोन विरुद्ध एक असे मिळाले, आणि त्या एकाला आपल्या कादंबरीचा मधला भाग उसना वाटला, हे वाचणे कोणालाही सुखाचे होणार नाही. पण सत्काराच्या शालीबरोबर एवढे अर्धे पान घरी न्यायला लेखकाची हरकत असेल, तर तीही त्याने लिहून द्यावी. छापायला जागा करता येईल.